जर-तरचं कोष्टक : 'जर' खोटं असेल तर अख्खं विधान खरं कसं काय?

जिन्याखालची
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तोही गणितावर, सांभाळून घ्या. लेक यंदा बारावी सायन्सला, गणिताच्या पुस्तकात पहिलाच धडा मॅथेमॅटिकल लॉजिकचा. मी कॉमर्सवाली, त्यामुळे लांबूनच बघत होते. परवा जेवणाच्या टेबलावर तिने रफ वही माझ्यापुढे सरकवली, त्यात पेन्सिलीने चार ओळींचं कोष्टक, आणि तिसऱ्या ओळीभोवती इतक्या वेळा गोल काढलेला की कागद फाटायचा बाकी होता. म्हणे 'आई, जर पी तर क्यू, यात पी खोटं असेल तर अख्खं वाक्य खरं धरायचं. का?' क्लासच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले पाठ कर, एक मार्काला येतं.

वर तिने मलाच उदाहरण दिलं. मी तिला म्हणाले होते ८५ टक्के पडले तर फोन घेऊन देईन. पडले ७८, आणि तरी मी फोन दिला (वाढदिवस होता हो, काय करणार). 'मग आई तू खोटं बोललीस का? कोष्टक म्हणतं नाही बोललीस, पण मला तर वाटतंय बोललीस.' मला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस
खोटं बोलणारी माणसं गणितात खरी ठरतात हे आमच्या वॉर्डातल्या नेत्यांना कळू देऊ नका म्हंजे झालं.

चहाबाज
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मला अकरावीत हे असंच पाठ करून घेतलेलं, 'टी एफ असेल तरच एफ, बाकी सगळं टी'. पास झालो. कळलं काहीच नाही.

खडूफळा
मी ज्युनियर कॉलेजात एकोणतीस वर्षं गणित शिकवलं, आता रिटायर. हा प्रश्न दरवर्षी एक तरी पोर विचारतं आणि जे विचारतं ते पुढे चांगलं गणित करतं असा माझा अनुभव, त्यामुळे लेकीला शाबासकी द्या आधी.

कोष्टक आधी मांडतो, टी एफ ऐवजी स म्हणजे सत्य आणि अ म्हणजे असत्य, बाण म्हणजे 'जर-तर' :

पी : क्यू : पी → क्यू
स : स : स
स : अ : अ
अ : स : स
अ : अ : स

आता ताई, तुमचंच वाक्य घेऊ. पी म्हणजे ८५ पडले, क्यू म्हणजे फोन दिला. तुम्ही शब्द कधी मोडला असता? विचार करा. ८५ पडले आणि फोन दिला नाही, बस्स, एवढ्या एकाच वेळी पोरगी म्हणू शकली असती की आई फसवलंस. ७८ पडल्यावर काय करीन याबद्दल तुम्ही तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. दिला तरी शब्द शाबूत, नाही दिला तरी शाबूत. म्हणून शेवटच्या दोन्ही ओळी 'स'.

मग लेकीला खोटं बोलल्यासारखं का वाटलं? कारण तिने ऐकलं 'तर' नाही, तिने ऐकलं 'तरच'. आणि तिचं चुकलंही नाही, घरात बोलताना आपण ९० टक्के वेळा तर म्हणून तरच सुचवतो. एका 'च'चा खेळ आहे सगळा. '८५ पडले तरच फोन' असं म्हणाला असतात तर ७८ वर फोन देणं हा शब्द मोडणं झालं असतं.

पण हे शब्द मोडण्याचं उदाहरण देऊन काही पोरांचं समाधान होत नाही, म्हणतात सर, शब्द न मोडणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. बरोबर आहे त्यांचं. त्यांना मी आकडे देतो. 'एखाद्या संख्येला ४ ने भाग जात असेल तर तिला २ ने भाग जातो.' हे खरं आहे ना, कुठल्याही संख्येसाठी? कोणी वाद घालत नाही. मग आता एकेक संख्या घाला. ८ घाला, दोन्ही खरं, पहिली ओळ. ६ घाला, ४ ने भाग जात नाही पण २ ने जातो, म्हणजे तिसरी ओळ. ५ घाला, कशानेच जात नाही, चौथी. जे वाक्य सगळ्या संख्यांसाठी खरं ते ६ साठीही खरं असलं पाहिजे आणि ५ साठीही, म्हणजे तिसऱ्या चौथ्या ओळीत 'स' लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. दुसऱ्या ओळीत बसेल अशी संख्या शोधत बसा, सापडणार नाही, म्हणून तर ते वाक्य खरं.

आणि अजूनही कोणी अडून बसलं तर शेवटचा डाव. पहिल्या दोन ओळी सगळ्यांना मान्य आहेत ना, स आणि अ. मग खालच्या दोन जागांत भरायचे पर्याय चारच. अ-अ भरलं तर ते 'पी आणि क्यू'चं कोष्टक होतं. स-अ भरलं तर ते नुसतं क्यूचं कोष्टक, मग पी हवाच कशाला. अ-स भरलं तर ते 'जर आणि तरच' होतं, म्हणजे दुहेरी बाण. उरलं स-स. 'जर-तर'साठी तेवढी एकच खुर्ची रिकामी आहे.

चहाबाज
दंडवत सर. हे कोणी अकरावीत सांगितलं असतं तर मी आज बँकेत नसतो. (आता हे वाक्य कुठल्या ओळीत बसतं?)

तिरकस
सर, आदर आहे पण पटलं नाही. याच हिशोबाने 'नागपूरला समुद्र असेल तर दोन आणि दोन पाच' हे खरं. आणि 'नागपूरला समुद्र असेल तर दोन आणि दोन चार' हेही खरं. संबंध काय एकमेकांचा?? असलं वाक्य कोणी पानाच्या टपरीवर बोललं तर लोक त्याला पाणी मारतील तोंडावर.

खडूफळा
संबंध नाहीच. बाण संबंध सांगतच नाही, कारण-परिणाम सांगत नाही, आधी-नंतर सांगत नाही. तो फक्त एवढंच म्हणतो की पी खरं आणि क्यू खोटं असं झालेलं नाही. भाषेतल्या 'तर'चं सगळं मांस काढून नुसतं हाड ठेवलंय म्हणा. हाडावर चढवलेलं गणित उभं राहतं एवढं नक्की. बोलीतला 'तर' याहून बराच जास्त बोलतो हे मला मान्य, आणि तो संबंध पकडणारी वेगळी लॉजिकंसुद्धा लोकांनी बांधलीत, फक्त ती बारावीला नाहीत.

आणि तिरकसराव, तुमचा राग फार जुना आहे. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास डायोडोरस नावाचा गुरू आणि फिलो नावाचा त्याचा शिष्य यावरूनच भांडले. फिलोचं म्हणणं अगदी आपल्या कोष्टकासारखं होतं, डायोडोरस म्हणे नाही, वाक्य कधीच त्या दुसऱ्या ओळीत पडता कामा नये, आत्ता नाही आणि पूर्वीही नाही. वाद इतका माजला की कॅलिमॅकस नावाच्या कवीने लिहून ठेवलंय, छपरावरचे कावळेसुद्धा कुठलं जर-तर खरं यावर काव काव करतायत.

तिरकस
म्हणजे मी कावळा. धन्यवाद.

आज्जीचा_बटवा
मला गणितातलं ओ की ठो कळत नाही पण सरांचं कोष्टक वाचता वाचता सारखं वाटत होतं की हे आपल्याकडे म्हणींत आहे की. बघा हं.

पहिली ओळ, म्हटलं तसं झालं : बोले तैसा चाले.
दुसरी, म्हटलं पण झालंच नाही : बोलाचीच कढी, बोलाचाच भात.
तिसरी, न करताच झालं : सुंठीवाचून खोकला गेला!! 'सुंठ घेतली तर खोकला जातो' असं म्हणणारी बाई खोटी ठरली का, नाही ठरली, खोकला आपोआप गेला इतकंच.
चौथी, हेही नाही आणि तेही नाही : आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.

निशिगंधा ताई, लेकीला तिसऱ्या ओळीचं नाव सुंठ म्हणून सांग, विसरणार नाही.

चहाबाज
हसून हसून पुरेवाट. आज्जी तुम्हाला साष्टांग. वाचनखूण साठवली.

जिन्याखालची
आज्जी मी जिन्याखालची, निशिगंधा वेगळी :) पण सुंठ वहीत गेली सुद्धा. तिने समासात खरंच सुंठेचं चित्र काढलंय, आल्यासारखं दिसतंय, असो.

कोडेवाला
आज्जी भारीच. माझी एक भर, गाजराची पुंगी. 'वाजली तर वाजली' हे पी → पी झालं, कोष्टक काढा, दोनच ओळी, दोन्ही स. पुस्तकात ज्याला सर्वतः सत्य म्हणतात ते हेच, पुंगी वाजो न वाजो वाक्य खरंच राहणार आणि म्हणूनच त्यातून काडीची माहिती मिळत नाही. माहिती पुढच्या अर्ध्यात आहे, नाहीतर मोडून खाल्ली.

आता माझा खरा मुद्दा, मी रोज कोड लिहितो आणि मला वाटतं आमच्यासारख्यांचा गोंधळ वेगळाच होतो. कोडमधलं 'इफ' आणि हा बाण हे एक नव्हेत. कोडमध्ये इफ ही आज्ञा आहे, अट खरी असेल तर हे कर. अट खोटी असेल तर मशीन काही न करता पुढच्या ओळीवर जातं, तिथे 'हे वाक्य खरं झालं' असं कोणी म्हणत नाही. 'दार बंद असेल तर कडी लाव' याला खरं-खोटं काय लावणार? आज्ञा आहे ती, विधान नाही, आणि लॉजिकच्या कोष्टकात फक्त विधानं बसतात. माझ्या ऑफिसातल्या दोन पोरांनी याच्यावरून अर्धा तास डोकं खाल्लं होतं माझं.

धूम्रकेतू
उशिरा येतोय. आज्जींच्या चौथ्या ओळीला माझा व्याकरणातून आक्षेप आहे, रागावू नका. 'असत्या तर म्हटलं असतं' हा संकेतार्थ. मराठीत क्रियापदाचं रूपच बदलतं आणि ते रूप ऐकताक्षणी कळतं की बोलणाऱ्याला मिशा नाहीत हे आधीच ठाऊक आहे. 'पाऊस आला तर जाणार नाही' यात पाऊस येईल न येईल, दार उघडं आहे. 'पाऊस आला असता तर गेलो नसतो' यात दार बंद झालेलं आहे. आता या दुसऱ्या जातीला सरांचं कोष्टक लावलं तर सगळीच वाक्यं खरी ठरतील, कारण पूर्वांग, म्हणजे 'जर'चा भाग, दरवेळी खोटंच. मग 'आत्याबाईला मिशा असत्या तर मामा म्हटलं असतं' हेही खरं! आणि आपल्याला पक्कं माहितीय की काका खरं आणि मामा खोटं. का, तर आत्या बापाची बहीण. म्हणजे संकेतार्थाला हे कोष्टक पुरत नाही. चहाबाज, तुमच्या बँकेच्या वाक्याचंही उत्तर हेच, ते कुठल्याच ओळीत बसवू नका.

खडूफळा
अगदी बरोबर. वर्गात मी हे दरवेळी टाळायचो कारण तास ४५ मिनिटांचा असतो. मामाचं उदाहरण मात्र चोरणार.

धूम्रकेतू
आणखी एक, न्यायशास्त्रात (कोर्टातलं नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र) धुराचं उदाहरण आहे ते या धड्याशी फार छान जुळतं. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, उदाहरण स्वैपाकघर. उलट केलं की मोडतं, जिथे अग्नी तिथे धूर असं नाही, कारण तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा, आग आहे पण धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. मात्र उलट करून दोन्हीकडे 'नाही' घातलं की पुन्हा खरं, जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, उदाहरण तळं. इंग्रजी पुस्तकातलं कन्व्हर्स आणि काँट्रापॉझिटिव्ह, गोळा आणि तळं एवढं लक्षात ठेवलं की झालं. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या जुन्या ग्रंथात हे स्वैपाकघर आणि तळं दोन्ही आहेत.

तिरकस
आलं. विमानं पण आपणच शोधली होती ना?

धूम्रकेतू
नाही हो, मी तसं म्हटलेलंच नाही. नैयायिकांनी सत्यता कोष्टक काढलेलं नाही, त्यांचा प्रश्नच वेगळा होता, डोंगरावर धूर पाहून आग आहे हे ज्ञान खात्रीचं कसं होतं हा. कोष्टक आज छापतात तसं १९२१ मध्ये तत्त्वज्ञ व्हिटगेनस्टाईन आणि गणिती एमिल पोस्ट या दोघांनी स्वतंत्रपणे छापलं. पण व्यत्यास, म्हणजे उलट केलेलं वाक्य, आपोआप खरा धरायची चूक दोघांकडच्या विद्यार्थ्यांनी केली असणार, म्हणूनच तो गोळा जन्माला आला.

कोडेवाला
वाद पेटून धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत कोडं घालतो. टेबलावर चार पत्ते. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. दिसतायत : अ, क, ४, ७. नियम असा सांगितलाय की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या. नियम खरा का खोटा हे ठरवायला कमीत कमी कोणते पत्ते उलटाल? गूगल करू नका.

चहाबाज
सोप्पंय. अ आणि ४.

आज्जीचा_बटवा
मी पण अ आणि ४ म्हणते.

जिन्याखालची
माझं उत्तर फक्त अ. लेक म्हणतेय सगळे चारही उलट, डोक्याला ताप नको.

लोकलकर
मी नेहमी वाचनमात्र असतो पण यात उडी घेतो. पत्ते बाजूला ठेवा, मी दुसरे चार देतो. नियम : फर्स्ट क्लासच्या डब्यात असेल तर फर्स्टचं तिकीट किंवा पास हवा. टीसीपुढे चार माणसं. एक फर्स्टच्या डब्यात बसलाय, तिकीट माहीत नाही. दुसरा सेकंडच्या डब्यात लटकतोय, तिकीट माहीत नाही. तिसऱ्याच्या हातात फर्स्टचा पास, डबा माहीत नाही. चौथ्याच्या हातात सेकंडचं तिकीट, डबा माहीत नाही. टीसी कोणाला धरेल?

चहाबाज
फर्स्टमध्ये बसलेल्याचं तिकीट बघेल आणि सेकंडचं तिकीटवाला कुठे बसलाय ते बघेल. फर्स्टचा पासवाला कुठे का उभा राहीना, त्याचे पैसे गेलेत.

चहाबाज
ओह.

चहाबाज
अरे म्हणजे अ आणि ७!! ४ च्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही, ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. मी फर्स्टच्या पासवाल्याला धरत होतो की मघाशी.

कोडेवाला
लोकलकर, काय बोललात. पत्त्यांचं कोडं पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाचं, १९६६ चं, आणि त्यात शिकलेली माणसं सुद्धा बहुतेक चहाबाजसारखीच पडतात. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेत ग्रिग्ज आणि कॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी तेच कोडं 'बिअर पीत असेल तर वय पुरेसं हवं' अशा नियमात घालून दिलं तर बहुतेकांना पटकन आलं. म्हणजे लॉजिक तेच, फक्त कोणी नियम मोडून निसटतंय का हे शोधायचं म्हटलं की डोकं चालतं. बोरिवलीचा टीसी हे बारावी न शिकता रोज करतो.

लोकलकर
टीसी नाही, मी स्वतः पकडला गेलोय एकदा, तेव्हापासून पाठ आहे. दंड भरला तो काँट्रापॉझिटिव्हचा भरला हे आज कळलं.

खडूफळा
परीक्षेच्या कामाचं एक सांगून थांबतो, टंकायचा कंटाळा. 'जर अभ्यास केला तर पास होईल' याचा नकार लिहा म्हटलं की अर्धा वर्ग लिहितो 'जर अभ्यास केला नाही तर पास होणार नाही'. साफ चूक. नकार म्हणजे ते वाक्य खोटं ठरण्याची अवस्था, आणि ती एकच आहे, दुसरी ओळ. म्हणून नकार : अभ्यास केला आणि तरी पास झाला नाही. बघा, त्यात जर-तर उरतच नाही, 'आणि' येतो. मी फळ्यावर 'तर'च्या र ला वेलांटी काढायचो, तर चा तरी झाला आणि मागे नाही लागलं की नकार तयार. एवढ्याने पोरांचे मार्क वाचायचे.

'किंवा'चंही लक्षात ठेवा. पुस्तकातल्या किंवा मध्ये दोन्ही चालतं. पाहुण्यांना 'चहा की कॉफी' विचारतो तेव्हा एकच मिळणार असतं, तिथे मराठीत किंवा नाही, 'की' येतो. कोष्टकातला किंवा म्हणजे बुफे.

जिन्याखालची
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीने तीन अक्षरांचं आठ ओळींचं कोष्टक स्वतःहून काढलं, पहिल्या रकान्यात चार स चार अ, दुसऱ्यात दोन-दोन, तिसऱ्यात एक आड एक, आणि एकही ओळ चुकली नाही. फोनबद्दल मी खोटं बोलले नाही हेही मान्य केलं, पण म्हणाली यापुढे आधी विचारून घेईन, तर का तरच.

आणि आजच दुपारी विचारायची विसरली. हे तिला म्हणाले, 'भांडी घासल्याशिवाय मोबाईल मिळणार नाही.' तिने कढईसकट सगळी भांडी लख्ख घासली, हात पुसले आणि मोबाईल मागितला. हे म्हणाले नाही, उद्या पेपर आहे. ती चिडून माझ्याकडे आली की बाबांनी शब्द मोडला. मी तिचीच वही घेतली, पी म्हणजे मोबाईल मिळाला, क्यू म्हणजे भांडी घासली, बाबा म्हणाले पी → क्यू, आत्ता पी खोटं आणि क्यू खरं. तिने ओळ बघितली, समासातली सुंठ बघितली आणि वही आपटून आत गेली.

ह्यांना मात्र फार आनंद झालाय. रात्रीची भांडी अजून ओट्यावर पडलीत आणि ती घासायला आता कोणी तयार नाही.